स्थाननिर्णयातील दोषांचे मूल्य

कृत्रिम उपग्रहांच्या साहाय्याने भूपृष्ठावरील स्थान निश्चित करण्याची जी.पी.एस. पद्धती आता सर्वपरिचित आहे. उपग्रहाकडून निघालेली रेडिओलहर ग्राहकयंत्रापर्यंत येण्यास किती काळ लागला हे मोजून अंतर काढावयाचे, हे तिचे मूलतत्त्व होय. कालमापनात एका सेकंदाच्या अब्जांशाइतकी चूक झाली तरी अंतरात सुमारे ३० सेंटिमीटरांचा फरक पडतो. म्हणून लहरीच्या मार्गातील प्रत्येक विघ्नाचा परिहार करण्यात भूमापनशास्त्रज्ञांचे पुष्कळ श्रम खर्ची पडले आहेत. या विघ्नांनाच इतर शास्त्रांनी कसे कामास लावले, ते प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

हवेतील बाष्पामुळे लहर मंदावते, हे त्यांपैकी एक विघ्न. डोक्यावरील हवेच्या स्तंभातील सर्व बाष्पाचे पाणी होऊन त्याचा थर १ मिलिमीटर भरणार असेल, तर मोजलेले अंतर सुमारे साडेसहा मिलिमीटरांनी वाढते. १९९२ मध्ये मायकेल बेव्हिस व त्यांचे सहकारी यांनी या संबंधावरून बाष्पमापनाची पद्धती मांडली. हवामानशास्त्रात ती आता रुळली आहे.

याहून नवलाचा प्रकार परावर्तित लहरींचा. ॲन्टेनाकडे उपग्रहाची लहर थेट येते, तशीच ती जमिनीवर आपटूनही येते. दोन्ही लहरी एकमेकींत मिसळल्या की संकेताची तीव्रता कमीअधिक होऊ लागते, आणि उपग्रह क्षितिजावरून जसजसा वर चढतो तसतशी ही आंदोलने उमटत जातात. त्यांची संख्या ॲन्टेनाच्या परावर्तक पृष्ठभागापासूनच्या उंचीवर अवलंबून असते. ॲन्टेना जमिनीपासून २ मीटर उंच व तरंगलांबी सुमारे २४ सेंटिमीटर असेल, तर उपग्रह ५ अंशांवरून ३० अंशांवर येईपर्यंत सुमारे ७ आंदोलने होतात. खाली १ मीटर हिम साचले, तर उंची निम्मी उरते आणि आंदोलनेही साडेतीनच होतात. म्हणजे आंदोलने मोजली की हिमाची खोली कळली!

कोलोरॅडो विद्यापीठातील क्रिस्टीन लार्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ही पद्धती प्रसिद्ध केली. पश्चिम अमेरिकेत भूकवचाच्या हालचाली टिपण्यासाठी उभारलेली शेकडो स्थानके त्यामुळे नवा खर्च न करता हिममापक ठरू शकली. त्या प्रदेशातील शेतीला व शहरांना उन्हाळ्यात मिळणारे पाणी बव्हंशी डोंगरांवरील हिमाचे असल्याने हा लाभ सामान्य नव्हे. रोवलेली मापनपट्टी एकाच बिंदूची खोली दाखविते. येथे मात्र स्थानकाभोवतालच्या सुमारे १,००० चौरस मीटर क्षेत्राची सरासरी हाती येते. अर्थात, हिमाची घनता स्वतंत्रपणे ठरविल्यावाचून पाण्याचा हिशेब पुरा होत नाही. विशेष हे की, संकेताच्या तीव्रतेची नोंद मुळात यंत्र नीट चालते की नाही एवढे पाहण्यापुरतीच होती, आणि कित्येक ठिकाणी ती अनावश्यक म्हणून जतनही केली जात नसे. जेथे ती राहिली, तेथे जुन्या वर्षांचे हिमही मागाहून मोजता आले. अलास्कातील कॅचेमॅक उपसागराच्या काठी असलेल्या अशाच एका स्थानकाच्या नोंदींतून भरती-ओहोटीचे मापन करता येते, हे लार्सन प्रभृतींनी २०१३ मध्ये दाखविले. पाण्यात काहीही न उतरविता समुद्राची पातळी कळावी, ही सोय बर्फाळ किनाऱ्यांवर फार मोलाची आहे.

तिसरे उदाहरण खुद्द जमिनीच्या उंचीचे. भूकवच पाण्याच्या भाराने किंचित दबते व भार उतरला की वर येते. भूकवचाच्या दीर्घकालीन हालचालींचा अभ्यास करणारे ही चढउतार वजा करीत. २०१४ मध्ये ॲड्रियन बोर्सा, डंकन ॲग्न्यू व डॅनियल कायन यांनी नेमकी तीच तपासली. अवर्षणाने पश्चिम अमेरिकेची भूमी सरासरी ४ मिलिमीटर, तर कॅलिफोर्नियाच्या पर्वतांत १५ मिलिमीटरांपर्यंत उचलली गेली होती; त्यावरून त्यांनी सुमारे २४० घनकिलोमीटर पाण्याची तूट काढली. कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात मात्र हे गणित सरळ लागू पडत नाही. तेथे भूजलाच्या उपशाने चिकणमातीचे थर दाबले जातात, आणि पाणी घटत असताना जमीन वर येण्याऐवजी खचत जाते.