माल मालकाचा, दंड ड्रायव्हरला?

आमच्या शाळेकडे जाणारा रस्ता दिवाळीच्या आधी डांबरी झाला आणि होळीपर्यंत उखडलासुद्धा! ठेकेदारानं डांबर खाल्लं, असंच आम्ही सगळ्या म्हणत होतो. पण रस्त्याच्या एकाच कडेला, चाकांच्या ओळीत, हातभर खोल चाकोऱ्या पडलेल्या. ती कडा क्रशरवरून खडी भरून येणाऱ्या ट्रकची. रिकाम्या जाणाऱ्या ट्रकची बाजू मात्र बऱ्यापैकी शाबूत होती.

त्या चाकोरीत आमच्या बचत गटातली एक जण पोराला शाळेत सोडताना स्कूटीवरून पडली. पोराला खरचटलं, तिचं मनगट मोडलं. मग काय, महिन्याच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब बाजूलाच राहिला. "ट्रक अडवायचे, पोलिसांना बोलवायचं!" असं ठरलं. एक जण मात्र गप्प होती. बैठक संपल्यावर मागे थांबली.

"ताई, त्यातला एक ट्रक आमचे हे चालवतात. गाडी धरली की मालक दंड ह्यांच्याच पगारातनं कापतो. जादा भरू नका म्हटलं, तर म्हणतो, दुसरा ड्रायव्हर तयार आहे. उतारावर ब्रेक लागता लागत नाही, म्हणतात. फोन येईपर्यंत माझा डोळा लागत नाही हो!"

मी काय बोलणार? चोर सोडून संन्याशाला फाशी, तसलाच हा प्रकार. मग मी वाचायला बसले.

प्रत्येक मालगाडीच्या आरसी बुकात, मालासह तिचं जास्तीत जास्त वजन किती असावं ते लिहिलेलं असतं. बहुतेक ट्रकच्या बाजूलाही ते रंगवतात. शिवाय एका आसावर किती भार द्यायचा, तेही ठरलेलं आहे. चार चाकांच्या एका आसाची मर्यादा आधी १०.२ टन होती. २०१८ साली केंद्र सरकारनं ती ११.५ टन केली. म्हणजे मर्यादा वाढवून दिली, तरी जादा भरणं काही थांबलं नाही!

आसाचा एवढा बाऊ कशाला? अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून ट्रक चालवून पाहिले होते. त्यातून निघालेला ढोबळ हिशेब असा, की आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याचं नुकसान दुप्पट नाही, सोळा पट होतं. नुसता वीस टक्के जादा भार टाकला तरी नुकसान दुपटीच्या घरात जातं. एका खेपेचं डिझेल वाचतं मालकाचं, आणि रस्ता पुन्हा होतो आपल्या कराच्या पैशातून.

कायदा काय सांगतो? २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भारासाठी वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडायची नाही, आणि उतरवण्याचा खर्चही वेगळा. दंड भरला म्हणजे तसंच पुढे जायची मुभा मिळाली, असं नाही. सर्वोच्च न्यायालयानंही २००५ साली हेच बजावलं होतं. आणि आमच्या मैत्रिणीसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, गाडी चालवणारा तर दोषी आहेच, पण तशी चालवायला लावणारा किंवा चालवू देणाराही दोषी आहे!

मग आम्ही ट्रक अडवायचा बेत सोडला आणि अर्ज लिहिला. तपासणी रस्त्यात नको, माल भरतात तिथे क्रशरच्या दारात करा. प्रत्येक गाडीची काटापावती बघा. कारवाई मालकावरही करा. साहेबांनी आधी "बघू" म्हटलं. आम्ही पोच घेतल्याशिवाय उठलो नाही. पंधरवड्यानं दोन गाड्या वजनकाट्यावर नेल्या आणि जादा खडी तिथेच उतरवून घेतली. आठ-दहा दिवस ट्रक हौद्याच्या खालपर्यंतच भरून जात होते. मग रात्री अकरानंतर पुन्हा ढीग दिसू लागले!

आता दुसरा अर्ज दिलाय, रात्रीच्या तपासणीसाठी. या वेळी पहिली सही त्या ड्रायव्हरच्या बायकोची आहे. "ह्यांना विचारूनच केलीय," म्हणाली. "मालकाला तोंडावर बोलता येत नाही, काट्यानं तरी बोलावं!"

मैत्रिणींनो, तुमच्याही रस्त्यावर असं होत असेल तर गाडीपुढे उभ्या राहू नका. गाडीचा नंबर, तारीख, वेळ आणि माल कुठून भरला ते वहीत टिपा, चौघींनी सह्या करून लेखी द्या आणि पोच घ्या. आणि ड्रायव्हरला शिव्या देण्याआधी एवढंच आठवा, की त्याच्याही घरी कुणीतरी फोनची वाट बघत जागं असतं.