कुत्र्याची भाषा

चंद्रपूर शहर कसे वसले, याविषयी आपल्याकडे एक आख्यायिका सांगतात. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह झरपट नदीच्या परिसरात शिकारीस गेला असता त्याला एक विलक्षण दृश्य दिसले. कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा राजाच्या शिकारी कुत्र्याच्या पाठीस लागला होता, आणि कुत्रा जीव घेऊन पळत होता! राजाने ही हकीकत राणीला सांगितली. ही भूमी सामान्य नव्हे, असे ओळखून राणीने तेथे नगर वसविण्याचा सल्ला दिला. आणि ससा व कुत्रा ज्या वाटेने धावले, त्या वाटेवरच कोटाची आखणी झाली, अशी ती कथा आहे.

कथेतील खरेखोटे इतिहासकार पाहतील. मुलांनो, आपण एवढेच पाहू, की राजाला नवल कशाचे वाटले? जे पळते त्याच्या मागे धावावे, हा कुत्र्याचा जन्मजात स्वभाव. तो येथे उलटा झालेला दिसला, म्हणून राजा चकित झाला. हा स्वभाव राजाला ठाऊक होता. पण रस्त्यात कुत्रा अंगावर आला म्हणजे आपल्याला नेमका त्याचाच विसर पडतो आणि आपण धूम ठोकतो.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे वाघाविषयी मुलांना निराळे सांगावे लागत नाही. मोहफुले वेचायला पहाटे एकट्याने जाऊ नये, झुडपात वाकून बसू नये, हे लहान मूलही जाणते. कुत्र्याविषयी मात्र कोणी काही शिकवीत नाही. तो अंगणातला, आपल्या ताटातली भाकर खाणारा. त्याचे काय शिकायचे, असे मोठ्यांना वाटते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की रेबीजचा संशय असलेले प्राणी ज्यांना चावतात, त्यांपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात.

कुत्र्याला बोलता येत नाही, परंतु त्याला भाषा आहे. ती तो शेपटीने, कानांनी आणि अंगावरच्या केसांनी बोलतो. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे, अशी आपल्याकडे म्हण आहे. ते वाकडे आणि सैल असते तोवर बहुधा काळजी नसते. ते ताठ उभे राहिले, मानेवरचे केस पिंजारले, अंग ताठरले, म्हणजे तो ‘जवळ येऊ नका’ असे सांगत असतो. शेपूट हलते आहे म्हणजे कुत्रा आनंदात आहे, असेही नेहमी नसते. ताठ शेपटीचे टोक भराभर हलत असेल, तर तो रागावलेला असण्याचा संभव अधिक. शेपूट पोटाखाली घालून, कान मागे पाडून कोपऱ्यात दबलेला कुत्रा भ्यालेला असतो, आणि भ्यालेला कुत्रा रागावलेल्याइतकाच चावरा. ‘भुंकणारा कुत्रा चावत नाही’ ही म्हणही तुम्ही ऐकली असेल. म्हणी मला प्रिय आहेत, पण या म्हणीवर कोणी आपली पोटरी सोपवू नये.

खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा साखळीने बांधलेल्या कुत्र्याजवळ जाऊ नये. पावसाळा संपून थंडी पडू लागली, की गावोगावी कुत्र्या व्यायलेल्या दिसतात. पिल्ले गोजिरवाणी असतात, ती उचलून घ्यावीशी वाटतात; परंतु त्यांची आई जवळपासच असते आणि तिला आपला हेतू कळत नाही. दुसऱ्या टोल्यावर जायचे झाल्यास वेशीवरूनच घरच्यांना हाक मारावी, त्यांनी कुत्र्याला आवरले म्हणजे पुढे व्हावे. परक्याला अडविणे हे त्या कुत्र्याचे कामच आहे. विनाकारण दगड तर कधीच मारू नये. मार खाल्लेला कुत्रा पुढे येणाऱ्या प्रत्येक मुलाकडे संशयाने पाहतो, आणि एकाच्या खोडीची शिक्षा दुसऱ्याला भोगावी लागते.

एवढे करूनही कुत्रा अंगावर आलाच, तर? तर सागाच्या खोडासारखे उभे राहावे. हात अंगाशी, ओरडणे नाही, त्याच्या डोळ्यांत डोळे घालणे नाही, दृष्टी जमिनीकडे. कुत्रा जवळ येईल, हुंगेल. हे क्षण फार लांब वाटतात, हे मला ठाऊक आहे. हलणारे काही नाही असे पाहून तो बहुधा निघून जातो. मग पाठ न दाखविता हळूहळू मागे सरावे. सायकलवर असाल, तर जोराने पायडल मारण्यापेक्षा खाली उतरून सायकल मध्ये आडवी धरणे चांगले. खाली पडलातच, तर गुडघे पोटाशी घ्यावेत, तोंड खाली लपवावे आणि हातांनी मान व कान झाकून निश्चल राहावे.

आता चावण्याविषयी. पिसाळलेल्या प्राण्याच्या लाळेत रेबीजचे विषाणू असतात. ते जखमेतून शिरतात आणि मज्जातंतूंच्या वाटेने सावकाश मेंदूकडे जातात. या प्रवासाला बहुधा काही आठवडे ते काही महिने लागतात. क्वचित फार कमी दिवसही पुरतात. एकदा रोगाची लक्षणे दिसू लागली, की मनुष्य जवळजवळ कधीच वाचत नाही. पण विषाणू वाटेत असतानाच त्यांना अडविता येते. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर या शास्त्रज्ञाने जोसेफ माइस्टर नावाच्या ९ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस देण्यास आरंभ केला. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला अनेक ठिकाणी चावे घेतले होते. तो मुलगा वाचला. पूर्वी आपल्याकडे पोटात घ्याव्या लागणाऱ्या १४ सुयांची मोठी धास्ती असे. ती लस भारतात आता वापरात नाही. हल्ली दंडात सुया देतात. पहिली मिळाली तो दिवस शून्य धरून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, आणि एका पद्धतीत चौदाव्या दिवशीही. जखमेतून रक्त आले असेल, तर जखमेत व तिच्याभोवती आणखी एक औषध टोचतात.

दवाखान्यात पोहोचण्यापूर्वीचे काम मात्र आपल्याच हाती आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला, की भामरागडची वाट बंद होते, हे तुम्ही जाणता. साबण आणि पाणी मात्र टोल्यावरही असते. वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम १५ मिनिटे धुवावी. या विषाणूचे आवरण स्निग्ध असते. ते साबणाने फुटते. जखमेवर तिखट, चुना, हळद वा तेल घालू नये, आणि मंत्र घालणाऱ्याकडे जाण्यात वेळ दवडू नये. धुऊन होताच दवाखाना गाठावा.

येथे माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी मुख्याध्यापक असताना मधल्या सुट्टीत शाळेच्या आवाराबाहेर जाण्यास सक्त मनाई केली होती, आणि माझ्या छडीचा धाक मोठा होता. सहावीतला एक मुलगा कुंपणापलीकडे पिल्लाशी खेळायला गेला. ते त्याच्या बोटाला चावले. छडीच्या भयाने त्याने चिंधी बांधली आणि बोरीचा काटा लागला, असे घरी सांगितले. पिल्लापासून काय होणार, असेही त्याला वाटले असेल. परंतु रेबीज पिल्लालाही होतो. तिसऱ्या दिवशी तिसरीत शिकणारी त्याची बहीण माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. बराच वेळ ती काही बोलेना. मग म्हणाली, “गुरुजी, दादाला मारणार नसाल तर सांगते.”

दुपारच्या एस.टी.ने मी त्याला दवाखान्यात घेऊन गेलो. उशीर झाला असला, तरी वेळ गेलेली नाही, असे डॉक्टर म्हणाले. त्याच आठवड्यात ते पिल्लू मेले. मुलाने सगळ्या सुया घेतल्या. आज तो दोन मुलांचा बाप आहे.

परत येताना बसमध्ये तो माझ्या खांद्यावर डोके ठेवून झोपला, आणि मला त्या छडीची आठवण होत राहिली. दुसऱ्या दिवशी मी ती कपाटात ठेवली, आणि शाळेच्या हातपंपाशी दोरीला बांधून साबणाची एक वडी टांगली. मी निवृत्त होईपर्यंत ती झिजली, की मुलेच मला सांगायला येत.