आधी काटा, मग ट्यूब!

वीकेंडला लांबच्या राइडला निघताय? हेल्मेट घेतलंत, ग्लोव्हज घेतलेत, चिक्की घेतलीत. आणि पंक्चर झालं तर?

माझा प्लॅन एकदम सॉलिड होता. पहाटे चारला पुण्यातून निघायचं, सोलापूर हायवे धरायचा, भिगवणला नाश्ता हाणायचा आणि बाराच्या आत इंदापूर गाठायचं. साधारण १३५ किलोमीटर. इंदापूर माझं आजोळ आणि त्या रविवारी आजीची पंच्याहत्तरी! ‘नात सायकलवर येतेय,’ असं तिने अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलं होतं.

भिगवणपर्यंत सगळं मस्त. थंडीतली सकाळ, मोकळा रस्ता. उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगो बघायला जाणारी मंडळी चहाच्या टपरीवर भेटली. भिगवण सोडलं आणि पाचेक किलोमीटरवर मागच्या चाकाची हवा गेली.

नो टेन्शन! स्पेअर ट्यूब होती. यूट्यूबवर बघितलेलं सगळं आठवून अर्ध्या तासात ट्यूब बदलली. स्वतःवरच खूश होऊन पॅडल मारलं आणि तीन किलोमीटरवर पुन्हा तेच. पॅचचं किट उघडलं तर सोल्यूशनची ट्यूब वाळून खडखडीत. दोन वर्षांपूर्वी एकदा वापरून ठेवली होती ना!

मामाला फोन केला, ‘उशीर होईल, तुम्ही जेवून घ्या.’ तो घ्यायला येतो म्हणाला. मी नको म्हटलं. सायकलवर येणार म्हणजे सायकलवरच येणार! मग सायकल ढकलत पाऊण तास चालले तेव्हा एक पंक्चरचं दुकान सापडलं. काका जेवायला गेलेले. ते आले एक वाजता.

काकांचा क्लास

मी ट्यूब पुढे केली. काकांनी ती बघितलीसुद्धा नाही.

‘टायरमधलं काढलं का, ताई?’

‘काय?’

‘जे टोचलं ते. ते आतच असंल तर धा टूबा बदला, उपेग न्हाई. आधी काटा, मग टूब.’

टायरच्या आतून त्यांनी हळूच एक फडकं फिरवलं. एका जागी ते अडकलं. पकडीने ओढल्यावर केसाएवढी बारीक तार बाहेर आली, जेमतेम एक सेंटिमीटर. ट्रकचे टायर फुटतात, त्यांच्या आतल्या पोलादी तारा रस्त्याच्या कडेला विखुरतात. आपण सायकलवाले नेमके त्याच कडेने जातो!

मग घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून त्यांनी बुडबुडे शोधले, पॉलिश पेपरने घासलं, सोल्यूशन लावलं आणि चक्क तंबाखू मळत बसले. सोल्यूशन ओलं असताना पॅच चिकटवला तर धरत नाही. हात लावल्यावर बोटाला येईनासं झालं की मगच दाबायचा.

शेवटी हवा. इथे पुन्हा घोळ! माझ्या सायकलला बारीक, लांबडा प्रेस्टा व्हॉल्व्ह. काकांच्या कॉम्प्रेसरचं तोंड मोटरसायकलच्या जाड व्हॉल्व्हचं. ते बसेचना. मग माझ्याच छोट्या पंपाने घाम गाळला.

आजी

इंदापूरला पोचले तेव्हा सव्वातीन वाजलेले. दारात कोणीच नव्हतं. आजी आत कॉटवर, मामी तिला साखरपाणी देत होती. सकाळी शुगरची गोळी घेतली आणि ‘पोर आल्याशिवाय जेवणार नाही’ म्हणून बसली. तीनच्या सुमाराला हातपाय थरथरायला लागले, दरदरून घाम सुटला. थोड्या वेळाने ती सावरली. मला जवळ घेऊन म्हणाली, ‘अगं, यांच्या सायकलला कायम पंप बांधलेला असायचा.’ ‘यांच्या’ म्हणजे आजोबांच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पंक्चर कोणालाही होतं. माझा वेळ पंक्चरने नाही, माझ्या तयारीने खाल्ला.

मग फंडा काय?

घरी प्रॅक्टिस करा. पार्किंगमध्ये मागचं चाक दोनदा काढून लावा. काढण्याआधी चेन सगळ्यात लहान चक्रीवर आणायची, निम्मं काम सोपं होतं.

टायरचं नाव व्हॉल्व्हसमोर बसवा. मग ट्यूबला भोक कुठे आहे त्यावरून टायरमधली जागा लगेच सापडते. आत बोट फिरवू नका, कापेल. फडकं किंवा कापूस वापरा.

बॅगेत काय हवं? दोन ट्यूब (आपल्याच टायरच्या मापाच्या), न उघडलेलं सोल्यूशन आणि पॅच, प्लॅस्टिकचे दोन टायर लिव्हर, पंप, छोटी पकड. स्क्रूड्रायव्हरने टायर काढू नका, ट्यूबला नवीन भोक पडतं. टायरच फाटला तर आतून लावायला जुन्या टायरचा एक तुकडा ठेवा.

पितळी अ‍ॅडाप्टर. नखाएवढी वस्तू. प्रेस्टा व्हॉल्व्हवर फिरवला की कुठल्याही गावातला कॉम्प्रेसर चालतो. फक्त हवा थोडी थोडी भरायला सांगा, सायकलची ट्यूब पटकन फुटते.

हवा तपासा. किती हवी ते टायरच्या बाजूलाच छापलेलं असतं. हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात.

काटे ओळखा. हायवे सोडून बारामती, निमगाव केतकीच्या बाजूला वळलात की तारांऐवजी बाभळीचे काटे आणि सराटे. पावसाळ्यानंतर सराट्याची फळं वाळून कडक होतात. इंग्रजीत या वेलीचं एक नावच ‘पंक्चर वाइन’ आहे! कडेच्या मातीत सायकल घातलीत तर उचलून बघा.

२०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात आणि चेकपॉइंट सोडून वाटेत बाहेरची मदत चालत नाही. तिथे पंक्चर काढता येणं ही हौस नाही, गरज आहे. तसं आपलं नशीब बरंच. १८८८ मध्ये डनलॉपने मुलाच्या तिचाकीसाठी हवेचा टायर केला, पण सुरुवातीचे असे टायर रिमला चिकटवलेले असायचे. पंक्चर काढायला तासन्‌तास लागायचे. सहज काढता येणारा टायर मिशलँ बंधूंनी १८९१ मध्ये आणला. आपल्याला फक्त तो काढायला शिकायचंय.

परवा पुन्हा इंदापूरला गेले. पळसदेवच्या अलीकडे पंक्चर! फडकं, पकड, ट्यूब, पंप. अठरा मिनिटं. निघताना आजीला फोनवर बजावलं होतं, ‘बाराला जेवून घे, माझी वाट बघायची नाही.’

पावणेबाराला पोचले. आजी जेवून बसली होती. म्हणाली, ‘आता तुझा काय भरवसा!’