कवटीचे माप आणि सोलापूरचे कुंपण

महागाई भत्त्याची वाट पाहणाऱ्या नोकरदाराला ‘निर्देशांक’ हा शब्द चांगलाच परिचित आहे. मानवशास्त्रातही असाच एक निर्देशांक रूढ होता. कवटीच्या रुंदीला लांबीने भागावे आणि शंभराने गुणावे. उत्तर ७५ च्या आत आले तर माणूस दीर्घकपाली, ८० च्या वर गेले तर पृथुकपाली. नाकाचाही अंक काढीत. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी तर नाक जितके रुंद तितकी सामाजिक पायरी खालची, असा सिद्धांतच मांडला. किमतींच्या निर्देशांकाने निदान तेलाचा भाव कळतो!

याच मोजमापाची पट्टी हाती घेऊन इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या. गोऱ्या युरोपीयांच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंत आढळणारा फरक ही त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण असावी, असे त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचे गृहीतक होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि अशा फरकाचा वंशाशी संबंध नाही, असा निष्कर्ष प्रबंधात लिहिला. परक्या देशात, गुरूंच्या मताविरुद्ध असे लिहिणे सोपे नव्हते.

आज हयात असलेली सर्व माणसे एकाच प्रजातीची आहेत. तिचे सर्वांत जुने अवशेष सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे, आफ्रिकेतील आहेत. मानवातील जनुकीय भिन्नतेपैकी सुमारे ८५ टक्के एकेका समूहाच्या आतच आढळते, हे रिचर्ड लेवोन्टिन यांनी १९७२ मध्ये दाखविले. जात ही तर समाजाने केलेली विभागणी. तिचा कवटीशी काय संबंध?

तरीही गुण रक्तातून उतरतात, ही समजूत कायद्यात शिरली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्ह्याचा पुरावा मानले. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड अशी कुटुंबे ठेवण्यात आली. तेथील माणसे गिरण्यांत राबत आणि हजेरीला परत कुंपणात येत. गुन्हा आनुवंशिक मानणाऱ्या सरकारला त्यांचे श्रम मात्र चालत होते. ऑगस्ट १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला व या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा केला. त्यात जमातीऐवजी व्यक्ती धरली होती. पण अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत विमुक्तांवरील जुना शिक्का उरलाच. त्या तरतुदी घटनाबाह्य ठरविणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तो ऑक्टोबर २०२४ मध्ये.