दुष्काळात तगणारे 'अमर' फूल : इमॉर्टेलची लागवड आणि निगा

भूमध्य समुद्राच्या काठावरील उन्हाळा कोरडा असतो. जून ते ऑगस्ट या काळात तेथे पाऊस जवळजवळ पडत नाही, गवत करपते आणि चुनखडीचे उघडे खडक दिवसभर तापत राहतात. याच काळाच्या प्रारंभी त्या खडकांच्या फटींतून उगवलेल्या एका बुटक्या, राखाडी झुडपाला सोनेरी-पिवळ्या फुलांचा बहर येतो. फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावर त्याला 'इमॉर्टेल' म्हणजे 'अमर' असे म्हणतात, तर क्रोएशिया आणि बॉस्निया-हर्जेगोविना या देशांत ते 'स्मिल्ये' या नावाने ओळखले जाते. तेथील लोकगीतांत 'स्मिल्ये' आणि 'बोसिल्ये' अशी जोडी वारंवार येते. यातील 'बोसिल्ये' म्हणजे आपल्या सब्जाचीच जात होय.

या वनस्पतीचे शास्त्रीय नाव हेलिक्रायसम इटॅलिकम. ग्रीक भाषेतील 'सूर्य' आणि 'सोने' या अर्थांच्या दोन शब्दांपासून प्रजातीचे नाव बनले आहे. झेंडू, शेवंती आणि सूर्यफूल ज्या कुलात मोडतात त्याच कुलातील हे झुडूप साधारणपणे ३० ते ६० सेंटीमीटर उंच वाढते. या प्रजातीत पाचशेहून अधिक जाती असून त्यांतील बहुसंख्य आफ्रिकेतील आहेत.

इंग्रजीत या झुडपाला 'करी प्लांट' असेही म्हटले जाते व त्यामुळे भारतीय वाचकाचा गोंधळ होण्याचा संभव असतो. कढीपत्त्याशी त्याचा काहीही संबंध नाही. कढीपत्ता हा लिंबाच्या कुलातील वृक्ष आहे. इमॉर्टेलची पाने चुरगळली असता मसाल्यासारखा वास येतो, एवढ्यावरून युरोपीय लोकांनी हे नाव दिले. मात्र ही पाने फोडणीत घालण्याजोगी नव्हेत, त्यांची चव कडवट असते.

फूल 'अमर' का ठरते, याचे उत्तर त्याच्या रचनेत आहे. ज्याला आपण एक फूल समजतो तो वस्तुतः अतिशय लहान फुलांचा गुच्छ, म्हणजे स्तबक असतो. या स्तबकाभोवती कागदासारख्या छदांचे आवरण असते. ही छदे झाडावर असतानाच जवळजवळ कोरडी असतात. सामान्य फुलाच्या पाकळ्यांतील पाणी उडून गेले की त्या सुकतात आणि रंग गमावतात. येथे मुळात गमावण्यासारखे पाणीच नसल्याने आकार व रंग दीर्घकाळ टिकून राहतो. उटीच्या बाजारात पर्यटकांना विकली जाणारी रंगीत कागदी फुलेही याच तत्त्वावर टिकतात. ती मूळची ऑस्ट्रेलियातील वनस्पती असून पूर्वी तिची गणना हेलिक्रायसम याच प्रजातीत होत असे.

दुष्काळ सोसण्याची क्षमताही अशीच शरीररचनेतून आलेली आहे. पाने सुईसारखी अरुंद असतात आणि त्यांवर पांढुरक्या केसांची दाट लव असते. ही लव ऊन परावर्तित करते व पानालगतची हवा स्थिर ठेवते, त्यामुळे बाष्पीभवन कमी होते. मुळे खडकाच्या भेगांतून ओलावा शोधत जातात. झुडपाची मुख्य वाढ हिवाळ्यातील पावसानंतर वसंतात होते आणि फुलोरा संपल्यावर भर उन्हाळ्यात ते जणू विश्रांती घेते.

एवढ्यावर हे झुडूप बागेची शोभा म्हणूनच राहिले असते. परंतु त्याच्या फुलोऱ्यात सुगंधी तेल असते आणि ते फार थोडे असते. एक टन ताज्या फुलोऱ्यापासून साधारणपणे एक ते दोन किलो तेल मिळते. सुगंधी द्रव्ये व सौंदर्यप्रसाधने यांच्या उद्योगात २००० नंतर या तेलाची मागणी वाढत गेली. कॉर्सिकाच्या तेलात नेरिल ॲसिटेट या घटकाचे प्रमाण अधिक असते, तर ॲड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील तेलात अल्फा-पायनिन व गॅमा-कुर्क्युमीन हे घटक ठळक असतात. खरेदीदार दोन्ही तेलांकडे वेगवेगळ्या दृष्टीने पाहतात. लागवड करणाऱ्याला हा भेद नजरेआड करता येत नाही.

मागणी वाढली तेव्हा सर्वप्रथम ओरबाडले गेले ते रानातील झुडूप. २०१० नंतरच्या दशकात क्रोएशियाच्या डाल्मेशिया भागात व बेटांवर परवान्याविना तोडणीचे प्रकार मोठ्या प्रमाणावर झाले आणि शासनाला कारवाई करावी लागली. विळ्याने वरचा फुलोरा कापला तर झुडूप पुन्हा फुटते, मुळासकट उपटले तर ती जागा उघडी पडते. खडकाळ उतारावर जी थोडी माती असते ती अशाच झुडपांनी धरून ठेवलेली असते. हर्जेगोविनात आणखी एक धोका होता. १९९२ ते १९९५ च्या युद्धातील भूसुरुंग त्या देशाच्या अनेक भागांत युद्धानंतरही राहिले होते आणि पायवाट सोडून माळावर फुले गोळा करणे तेथे जिवावर बेतू शकत होते. रानातील तोडणीऐवजी शेतात लागवड करावी हा विचार पुढे आला तो या पार्श्वभूमीवर.

लागवडीसाठी जमीन निवडताना सुपीकतेपेक्षा निचरा पाहावा लागतो. मुरमाड, खडकाळ, चुनखडीयुक्त आणि उताराची जमीन उत्तम. पाणी साचणारी भारी जमीन या पिकाला सर्वथा अयोग्य होय. कोरड्या मातीत हे झुडूप उणे १० अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडीही सोसते, परंतु ओल्या मातीत त्याहून सौम्य थंडीने दगावते. दुष्काळाने मरणाऱ्या झाडांपेक्षा अतिपाण्याने, मूळकुजीने मरणारी झाडे अधिक असतात, ही गोष्ट नवख्या शेतकऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही.

बी अतिशय बारीक असते. ते मातीखाली खोल गाडू नये, वाळूमिश्रित मातीवर पसरून हलकेच दाबावे, कारण उगवणीला उजेड लागतो. बियांपासूनची रोपे मात्र एकसारखी निघत नाहीत, कुठले अधिक तेल देते, कुठले कमी. त्यामुळे निवडक झाडांची छाट कलमे लावणे श्रेयस्कर मानले जाते. न फुललेल्या, अर्धवट पक्व फांदीचा ८ ते १० सेंटीमीटरचा तुकडा घेऊन त्याची खालची पाने काढतात व तो वाळूमिश्रित माध्यमात लावतात. उन्हाळ्याच्या अखेरीस लावलेली कलमे हिवाळ्यापूर्वी मुळे धरतात. पानांवर लव असल्याने ती सतत भिजत ठेवली तर कुजतात, म्हणून इतर पिकांच्या कलमांप्रमाणे येथे तुषारांचा मारा करून चालत नाही.

रोपांची लागवड शरद ऋतूत किंवा वसंताच्या प्रारंभी करतात. दोन ओळींत एक ते सव्वा मीटर व दोन रोपांत ३० ते ४० सेंटीमीटर अंतर ठेवल्यास हेक्टरी २० हजार किंवा त्याहून अधिक रोपे बसतात. 'दुष्काळ सोसणारे' हे विशेषण येथे जपून वापरावे लागते, कारण ते मुळे खोल गेलेल्या झुडपाला लागू आहे, नुकत्याच लावलेल्या रोपाला नव्हे. पहिल्या वर्षी मातीचा वरचा थर पूर्ण कोरडा झाल्यावर पाणी द्यावेच लागते. त्यानंतर पाणी बंद केले तरी झुडूप जगते, मात्र तीव्र अवर्षणाच्या वर्षी फुलोरा कमी येतो.

पहिल्या वर्षी आलेल्या कळ्या खुडून टाकाव्यात म्हणजे फांद्या फुटतात आणि झुडूप गोलाकार होते. खुरपणी हा या पिकातील सर्वांत मोठा खर्च होय. झुडूप बुटके व सावकाश वाढणारे असल्याने तण त्याला सहज झाकून टाकते आणि फुलोऱ्याबरोबर तण कापले गेल्यास तेलाचा वास बिघडतो. खत बेतानेच द्यावे. अधिक नत्राने झुडूप हिरवेगार व लुसलुशीत होते, पण ते थंडीत तग धरत नाही. दरवर्षी फुले काढल्यानंतर किंवा वसंताच्या आरंभी हलकी छाटणी करावी लागते, अन्यथा खोड खालून उघडे पडते. छाटताना हिरव्या पानांचा काही भाग शिल्लक ठेवणे आवश्यक असते. जुन्या, कोरड्या लाकडापर्यंत कापलेली फांदी बहुधा पुन्हा फुटत नाही.

काढणी दुसऱ्या वर्षापासून सुरू होते आणि भरघोस उत्पन्न तिसऱ्या वर्षापासून मिळते. दव उडाल्यावर, कोरड्या हवेत फुलोरा कापतात आणि वाफेच्या साहाय्याने ऊर्ध्वपातन करून तेल काढतात. सोबत मिळणारे सुगंधी पाणीही विकले जाते. शोभेसाठी फुले हवी असल्यास ती पूर्ण उमलण्यापूर्वी कापून, लहान जुड्या बांधून सावलीत उलटी टांगतात. पूर्ण उमलू दिलेली फुले सुकताना विस्कटतात.

हर्जेगोविनात मोस्तार व स्तोलात्स या परिसरांत २०१४ च्या सुमारास अनेक कुटुंबांनी मोठ्या आशेने ही लागवड केली. तेलाचे भाव तेव्हा चढे होते. झुडूप उत्पन्न देण्यास दोन-तीन वर्षे घेते आणि नेमक्या तेवढ्या अवधीत शेजाऱ्यांनी लावलेले पीकही काढणीस आले. परिणामी काही वर्षांतच भाव घसरले. ज्यांच्याजवळ ऊर्ध्वपातनाची सोय नव्हती व खरेदीदाराशी आधी करार नव्हता त्यांना सर्वाधिक झळ बसली. दक्षिण भारतातील शेतकऱ्यांना हे चित्र अपरिचित वाटू नये. २००३-०४ च्या सुमारास व्हॅनिलाच्या भावाने कर्नाटक व केरळात असेच वेड लावले होते आणि पाठोपाठ त्याच वेगाने भाव कोसळले होते.

अवर्षणप्रवण भागासाठी हे पीक भारतात उपयुक्त ठरेल काय, असा प्रश्न साहजिकच पडतो. अडचण पावसाच्या प्रमाणापेक्षा त्याच्या वेळेची आहे. भूमध्य प्रदेशात पाऊस थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा उष्ण आणि दमट असते व याच स्थितीत मूळकूज बळावते. दख्खनची काळी जमीन तर पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारी आहे. तेव्हा कोरडवाहू शेतीला पर्याय म्हणून या झुडपाकडे पाहणे धाडसाचे ठरेल.

हौसेने एखादे झुडूप वाढवायचे असल्यास मातीच्या कुंडीत दोन भाग जाडी वाळू वा बारीक खडी आणि एक भाग माती असे मिश्रण भरावे, तळाच्या छिद्रावर खापऱ्या ठेवाव्यात. हिवाळ्यात कुंडी पूर्ण उन्हात असावी आणि बोट खुपसून माती कोरडी लागल्याखेरीज पाणी देऊ नये. पावसाळा लागताच ती वळचणीच्या आत, पण उजेड व मोकळी हवा मिळेल अशा जागी हलवावी. कुंडीखाली थाळी ठेवण्याची सवय मात्र या झुडपापुरती सोडावी लागते.