एकतर्फी जबानी

एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाची 'द कास्क ऑफ अमाँटिलाडो' ही कथा नोव्हेंबर १८४६ मध्ये 'गोडीज लेडीज बुक' या मासिकात प्रसिद्ध झाली. इटलीतील एका शहरात, कार्निव्हलच्या धामधुमीत, माँट्रेसॉर हा फॉर्च्युनाटोला दुर्मिळ मद्याचे आमिष दाखवून आपल्या घराखालच्या तळघरात नेतो आणि पूर्वजांच्या हाडांच्या राशींमध्ये त्याला भिंतीत जिवंत चिणतो. भयकथेची सारी सामग्री येथे आहे. परंतु मला अधिक भय वाटते ते निवेदकाच्या शांत आवाजाचे.

त्याची धूर्तता पाहा. नोकरांनी घर सोडू नये असा तो हुकूम देतो. कारण आपली पाठ वळताच ते पळतील हे तो जाणतो. फॉर्च्युनाटोला तो ओढून नेत नाही. उलट त्याच्या खोकल्याची काळजी करीत 'परत फिरू' म्हणतो, मद्याची पारख लुकेसी करील असे सुचवतो. बळी स्वतःच्या गर्वापोटी पुढे चालत राहतो.

पण फॉर्च्युनाटोचा अपराध कोणता? माँट्रेसॉर हजार आगळिकींचा आणि शेवटी एका अपमानाचा उल्लेख करतो; त्यांतली एकही सांगत नाही. सांगतो ते घराण्याचे मोठेपण, कुलचिन्ह आणि डिवचणाऱ्याला न सोडण्याचे ब्रीद. फॉर्च्युनाटो श्रीमंत व मान्यवर आहे. आपणही एकेकाळी तसेच सुखी होतो, असे तो बोलून जातो. ही जखम अन्यायाची की ओसरलेल्या कुलाभिमानाची, असा प्रश्न मला पडतो.

सूडाच्या दोन अटी त्याने स्वतःच घातल्या आहेत: शिक्षा करणारा सापडू नये, आणि हा सूड आहे हे भोगणाऱ्याला कळावे. पहिली अट पन्नास वर्षे टिकली. दुसरीचे काय? फॉर्च्युनाटो आधी सारे थट्टेवारी नेतो, मग विनवणी करतो. कारण त्याला शेवटपर्यंत सांगितले जात नाही. अखेर त्याच्या विदूषकी टोपीचे घुंगरू तेवढे वाजतात.

न्याय मागणारा आपली तक्रार चारचौघांत मांडतो, पुरावा देतो, समोरच्याचे ऐकून घेतो. माँट्रेसॉर तक्रारच लपवतो. फिर्यादी, न्यायाधीश आणि मारेकरी तो एकटाच. म्हणून वर्गात ही कथा शिकवताना 'निवेदक किती हुशार' एवढ्यावर थांबू नये. मेलेल्याची जबानी कुठे आहे, हे विद्यार्थ्यांना शोधायला लावावे.