पॉइंट टू-टूचं साधं पिस्तूल: भरवसा आणि आनंद

इंदूरहून खंडव्याच्या रस्त्याला लागलं की घाटाच्या अलीकडे सिमरोल लागतं. आज हे गाव आयआयटीमुळे ओळखलं जातं. पण इथून जवळच असलेल्या महूच्या छावणीने भारतीय नेमबाजीला जे दिलं, त्याची आठवण आपण फारशी ठेवत नाही. लष्कराने 1993 साली महूला आर्मी मार्क्समनशिप युनिट सुरू केलं. तिथे घडलेले सुभेदार विजय कुमार 3 ऑगस्ट 2012 रोजी लंडन ऑलिंपिकच्या 25 मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात अंतिम फेरीत उभे होते. पाच गोळ्यांची प्रत्येक सिरीज चार सेकंदांत संपवायची होती. 40 पैकी त्यांचे 30 नेम बसले आणि रौप्यपदक भारतात आलं. दोनच वर्षांनी, 2014 मध्ये, याच युनिटच्या जितू राय यांनी 50 मीटर पिस्तूलमध्ये आशियाई सुवर्ण जिंकलं.

या दोन्ही प्रकारांत काडतूस एकच असतं, 5.6 मिलिमीटरचं. रेंजवर त्याला सगळे ‘पॉइंट टू-टू’ म्हणतात. ऑलिंपिकमधली पिस्तुलं महागडी, परदेशी बनावटीची असतात. पण तेच काडतूस साध्या, परवडणाऱ्या पिस्तुलातूनही सुटतं. असं पिस्तूल वर्षानुवर्षं भरवशाचं राहतं का? माझं उत्तर ठाम ‘हो’ आहे, आणि त्याची कारणं या यंत्राच्या रचनेत आहेत.

आधी काडतूस पाहू. आज प्रचलित असलेलं ‘लाँग रायफल’ काडतूस अमेरिकेत 1887 साली आलं. मोठ्या काडतुसांच्या बुडाशी मधोमध स्फोटकाची वेगळी टोपी बसवलेली असते. इथे ती नसते. स्फोटक मिश्रण बुडाच्या पोकळ कडेत पसरलेलं असतं आणि फायरिंग पिन त्या कडेवरच आपटते. बनवायला सोपं, म्हणून हे काडतूस स्वस्त. त्याची उणीवही इथेच आहे. पिन जिथे आपटली तिथे मिश्रण विरळ असेल, तर गोळी सुटत नाही. म्हणून पिस्तूल अडलं की लगेच पिस्तुलाला दोष देऊ नये. पुष्कळदा खोट काडतुसात असते. दोन-तीन कंपन्यांची काडतुसं थोडी थोडी आणून, आपल्या पिस्तुलाला कोणती मानवतात ते पारखावं आणि मग तीच वापरत राहावीत.

या काडतुसाचा दाब तुलनेने कमी असतो. त्यामुळे नळी आणि बोल्ट एकमेकांत अडकवून ठेवणारी गुंतागुंतीची यंत्रणा लागत नाही. बोल्टचं वजन आणि मागची स्प्रिंग एवढ्यावर काम भागतं. हलणारे भाग कमी, म्हणून झीजही कमी. गोळी मऊ शिशाची असल्याने नळीसुद्धा फार हळू झिजते.

अमेरिकेत बिल रूगर आणि अलेक्झांडर स्टर्म यांनी 1949 साली याच गुणांवर आपला कारखाना उभा केला. त्यांच्या पहिल्या पिस्तुलाची किंमत साडेसदतीस डॉलर होती. पत्र्याचे दोन भाग दाबून आकाराला आणायचे आणि जोडून मुठीचा सांगाडा करायचा, अशी खर्च वाचवणारी पद्धत त्यांनी वापरली. काटकसर झाली ती सांगाड्यात; नेमाशी संबंध असलेल्या भागात नाही. नळी एका नळकांड्यात पक्की बसवलेली, मागची-पुढची साइट त्याच अखंड भागावर, आणि बोल्ट आतल्या आत सरकणारा. बहुतेक पिस्तुलांत दर गोळीला वरची स्लाइड मागे-पुढे होते आणि तिच्यावरची साइटही सोबत हलते. इथे साइट आणि नळी यांचं नातं वीस वर्षांनीही बदलत नाही. खोलून पुन्हा जोडणं मात्र जिकिरीचं होतं. ती अडचण याच पिस्तुलाच्या 2016 च्या ‘मार्क फोर’ आवृत्तीत दूर झाली. सोव्हिएत रशियात दृष्टी गमावलेल्या मिखाईल मार्गोलिन यांनी आकार केवळ हातांनी चाचपत असंच एक साधं, नेमकं पिस्तूल घडवलं. तेही जगभरच्या रेंजवर पोहोचलं.

टिकाऊपणाचा उरलेला अर्धा भाग वापरणाऱ्याच्या हातात असतो. शिशावरचं मेण आणि जळलेल्या दारूची काजळी चेंबरच्या तोंडाशी साचते. ती वाढली की काडतूस पूर्ण आत बसत नाही आणि पिस्तूल जॅम होतं. सराव संपल्यावर मॅगझिन काढून, चेंबर रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून, ही जागा पुसून घ्यावी. नळी शक्य असेल तर मागच्या बाजूने साफ करावी. पुढून घातलेली सळई नळीच्या तोंडाची कड खरवडते, आणि ती कड बिघडली की नेम बिघडतो. मॅगझिनचे ओठ वाकू देऊ नयेत. पावसाळ्यात तेलाचा हात हलका पण नियमित हवा. रिकाम्या चेंबरवर चाप ओढण्याचा सराव करण्याआधी आपलं पिस्तूल त्यासाठी बनलेलं आहे का, ते माहितीपुस्तिकेत पाहावं. काही जुन्या पिस्तुलांत पिन थेट चेंबरच्या कडेवर आदळून तिथे खाच पाडते.

आता आनंदाबद्दल. पॉइंट टू-टूचा धक्का हलका असतो, त्यामुळे नवख्याला चाप ओढताना दचकायची सवय लागत नाही. आपली चूक लक्ष्यावर स्वच्छ दिसते. श्वास सांभाळायचा, नजर पुढच्या साइटवर ठेवायची, चाप सावकाश दाबायचा. हे जमलं की गोळ्या एकाच जागी गोळा होऊ लागतात, आणि त्याचं समाधान पिस्तुलाच्या किमतीवर अवलंबून नसतं. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांची बंदुकीशी ओळख एनसीसीत झाली. पुढे 2018 मध्ये पालेमबांग इथे 25 मीटर पिस्तूलमध्ये शूट-ऑफ जिंकून त्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला नेमबाज ठरल्या. सिमरोलच्या घाटातून खाली निमाडात उतरलं की खरगोन जिल्हा येतो. तिथल्या रतनपूरचे ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर आणि कोल्हापूरचे स्वप्नील कुसाळे यांनी पॉइंट टू-टूच्याच रायफलवर, अखिल श्योराण यांच्या साथीने, हांगझोउच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सांघिक सुवर्ण जिंकलं. गुणवत्ता गावांत आहेच.

आपल्याकडे शस्त्र परवान्याशिवाय बाळगता येत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणूनच सर्वसामान्य घरातल्या मुलासाठी खरा रस्ता क्लबमधूनच जातो. राष्ट्रीय रायफल संघटना 1951 साली स्थापन झाली, तेव्हा तिचं अध्यक्षपद लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर यांच्याकडे होतं. त्यांच्या नावाच्या स्पर्धेतून आजही नवे नेमबाज राष्ट्रीय पातळीकडे जातात.

इंदूर असो वा कोल्हापूर, क्लब चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. एका दिमाखदार पिस्तुलावर सगळी पुंजी घालू नका. साध्या रचनेची, सुटे भाग सहज मिळणारी दोन-तीन पिस्तुलं घ्या. प्रत्येकाची नोंदवही ठेवा: किती गोळ्या सुटल्या, कधी साफ केलं, स्प्रिंग केव्हा बदलली. वाचलेला पैसा काडतुसांवर आणि चांगल्या प्रशिक्षकावर खर्च करा. नीट राखलेलं साधं पिस्तूल मुलांच्या अनेक तुकड्यांना शिकवून मोकळं होईल.